घुशीचा न थांबणारा डबा

माणसांनी रेडिओ भंगारात टाकायला नुकती सुरुवात केली होती, तेव्हाची गोष्ट. भंगाराच्या ढिगाखाली एक घूस राहायची, मोठी हिकमती. तिला वैताग एकाच गोष्टीचा होता. बांधावरचा रातकिडा गाता गाता मध्येच थांबायचा आणि सगळ्या बिळांची झोपमोड व्हायची.

"गायचं तर धड गा की रे मेल्या!" ती एकदा खेकसली.

"मावशी, मी दमून थांबत नाही," रातकिडा म्हणाला. "गवतात काही सरपटलं की थांबतो. माझं थांबणंच ऐकायचं असतं."

"निमित्तं नकोत," म्हणून घूस कामाला लागली. पत्र्याच्या डब्यात तिने रेडिओचे पुर्जे बसवले, दातांनी तारा सोलून जोडल्या, स्पीकर लावला आणि टॉर्चचे सेल घातले. बटण पिळताच डबा घुमू लागला. एकच सूर, जाड, सलग, श्वासही न घेणारा. उंदरांची पोरं गाढ झोपली, चिचुंद्री घोरू लागली. सगळ्यांनी घुशीला दुवा दिला.

मग एका तिन्हीसांजेला सेल उतरले. सूर खोल खोल जात घोगरा झाला आणि विझला. घूस दचकून जागी झाली. बाहेर रातकिडा गात नव्हता.

"उंदीरभावजी?" तिने हाक मारली. "अगं चिचुंद्रे?"

एकाही बिळातून ओ आली नाही. रातकिडा कधीपासून गप्प होता, कुणास ठाऊक. घुशीने घाईघाईने बटण पिळलं, पुन्हा पिळलं. डबा बोलेना.

आणि त्या शांततेत, तिच्याच बिळाच्या तोंडाशी, काहीतरी सरपटलं.