सरकारच्या हातचा सांधा

“उद्यापासून सांध्यापाशी एकही माणूस दिसता कामा नये!” भूपाळराव महाराज गरजले. “आणि सटवाजी, आठ दिवसांत रुळाकडेची खोली रिकामी कर!”

सटवाजी सांधेवाला मान खाली घालून उभा राहिला. त्याच्या मागे उभ्या असलेल्या त्याच्या लेकीच्या, हौसाच्या, अंगाची लाही लाही होत होती. चूक बाची नव्हती, हे साऱ्या संस्थानाला ठाऊक होतं. पण सरकारपुढे बोलणार कोण?

झालं होतं ते असं. महाराजांना एकदा लहर आली आणि त्यांनी टेकडीवरच्या राजवाड्यापासून खालपर्यंत रूळ घातले. उतारावरून छोटी उघडी गाडी आपसूक धावे आणि परतताना बैल तिला ओढून वर आणत. पायथ्याच्या सांध्यापाशी रुळाला दोन फाटे फुटत, उजवा तलावाकडे आणि डावा सरकारी गोठ्याकडे. गाडी कुठल्या फाट्याला घालायची ते सटवाजी सांध्याचा दांडा ओढून ठरवी. परवा महाराज नव्या व्याह्यांना घेऊन निघाले. वरूनच ओरडले, “गोठा! आमची खिलारी जोडी दाखवतो तुम्हाला!” सटवाजीनं दांडा ओढला. गाडी ऐन सांध्यावर आली आणि महाराजांचं मन फिरलं. “नको, तलाव!” तोवर पुढची चाकं गोठ्याच्या फाट्यावर चढलीसुद्धा! गाडी गेली गोठ्यात आणि व्याह्यांचा जरीचा अंगरखा गेला शेणात.

“माणूस ठेवला की चुका आल्याच,” महाराज म्हणाले. “आम्हाला चालत्या गाडीतून फिरणारा सांधा हवा. गाडी थांबणार नाही, कुणी खाली उतरणार नाही, सांध्यापाशी कुणी उभं राहणार नाही. आहे कुणाची छाती?”

दिवाणजी फिस्सकन हसले. “सरकार, मग सांध्यालाच कान फुटायला हवेत!”

“म्या करते,” हौसा म्हणाली.

“गप गं!” सटवाजीनं तिचा दंड धरला.

“तू?” दिवाणजींनी तिला नखशिखान्त न्याहाळलं. “तू तर बागेत मोट हाकतेस!”

“म्हणून तर जमंल! मोट हाकणारा काय हिरीच्या काठावर जाऊन पाणी वततो व्हय? म्या बैलांमागं लांब असते. मोट वर आली की बारका दोर तिची सोंड फुडं वढतो, आन् पाणी आपसूक काठावरच्या थारोळ्यात! हात न लावता लांबून काम कसं करायचं, ते मोट हाकणाऱ्याला न्हाय कळायचं तर कुणाला?”

महाराजांनी मिशीला पीळ दिला. “आणि नाही जमलं तर?”

“तर आमी दोघं गाडगी-मडकी उचलून हद्दीभायेर जातो. जमलं तर बाची नोकरी आन् खोली ऱ्हाऊ द्यायची.”

“कबूल!”

हौसानं सरकारी लोहाराला कामाला जुंपलं. त्याला तिनं आठ दिवस धड जेवूही दिलं नाही, असं तो पुढे कित्येक वर्षं सांगत असे. सांध्याच्या अलीकडे चाळीस पावलांवर, रुळाच्या दोन्ही अंगांना एकेक झुलती फळी उभी राहिली. फळ्यांपासून तारा निघाल्या आणि कप्प्यांवरून जाऊन सांध्याच्या दांड्याला भिडल्या. उजवी फळी लोटली की सांधा तलावाकडे, डावी लोटली की गोठ्याकडे! सटवाजीनं पन्नासदा फळ्या लोटून पाहिल्या, तेव्हा कुठे त्याला घास गोड लागला.

नवव्या दिवशी महाराज गाडीत बसले. मागे दिवाणजी आणि हौसा. तिनं महाराजांच्या हातात लांब वेळूची काठी दिली.

“ही कशाला?”

“फळी लोटायला. सरकारच्या मनातलं सरकारलाच आधी कळणार, मग मधी दुसरा माणूस कशाला? फकस्त फळ्या मागं पडायच्या आत काय ते ठरवा.”

“आम्हाला शिकवतेस?” महाराज म्हणाले, पण काठी हातात येताच त्यांची कळी खुलली होती.

गाडी सुटली. “तलाव!” महाराजांनी उजव्या फळीला काठी लावली. खटाक्! सांधा फिरला आणि गाडी डौलात तलावाकडे वळली. महाराज टाळ्या पिटू लागले. “पुन्हा! पुन्हा वर न्या!”

दुसऱ्या खेपेला ते ओरडले, “गोठा!” डावी फळी खटाक्! गाडी पुढे निघाली तोच तलावावर बदकांचा थवा उतरताना दिसला. “अरे, बदकं! नको नको, तलाव! तलाव!” महाराजांनी काठी हवेतच उजवीकडे भोसकली. फळ्या केव्हाच मागे पडल्या होत्या. गाडी थेट गोठ्यात घुसली, कडब्याच्या गंजीत रुतली, आणि महाराजांचा फेटा शेणाच्या पाटीत जाऊन बसला. खिलारी बैलानं तो हुंगून पाहिला.

“चुकला! सांधा चुकला!” दिवाणजी आनंदानं किंचाळले. “हौसे, बांध बोचकं!”

हौसा तोंड वर करून म्हणाली, “सांधा लावला कुणी, सरकार?”

“आम्ही!” महाराज कडब्यातून उठत खेकसले. “पण आम्ही काय चुकलो? गोठा म्हटलं तेव्हा गोठ्याचीच फळी लोटली ना? तलाव सुचला तेव्हा फळ्या मागे गेल्या होत्या! मग कोण काय करणार? ब्रह्मदेवाच्या बापालाही जमायचं नाही!”

“मग सरकार,” हौसा म्हणाली, “त्या दिशी माझा बा काय निराळा चुकला हुता?”

महाराजांच्या मिशा थरथरू लागल्या, पोट गदगदू लागलं आणि ते असे हसले की दावणीचे बैल बिथरले!

“आमच्याच तोंडून आमचा निवाडा करून घेतलास गं!” ते डोळे पुसत म्हणाले. “सटवाजीची नोकरी राहिली, खोली राहिली. तारांना तेलपाणी तोच करील. आता तुला काय हवं? माग!”

“त्या फळ्यांच्या म्होरं एक खांब रोवा, सरकार. आन् त्याच्यावर लिवा, ‘हितनं फुडं सरकारचा हुकूम चालत न्हाय.’”

दिवाणजींनी कानांवर हात ठेवले. महाराज मात्र पुन्हा कडब्यात बसले आणि पुन्हा पोट धरून हसले. दुसऱ्याच दिवशी खांब उभा राहिला. त्यावरचा तो मजकूर महाराजांनी हौसानं सांगितला तसाच, स्वतःच्या हातानं रंगवला.