खारीचा लॅपटॉप आणि झऱ्याची वाट

पळसाच्या एका रानात, मोहाच्या ढोलीत एक खार राहत असे. तिच्याकडे एक लॅपटॉप होता. रानात लॅपटॉप कुठून आला, असे विचारू नका, बालमित्रांनो. बोलणारी मुंगी तुम्ही मुकाट्याने मानता, तर हेही माना. खारींची जुनी खोड तुम्हाला ठाऊक असेलच. दाणे मिळाले की त्या थोडे इथे पुरतात, थोडे तिथे, आणि कुठे पुरले तेच विसरतात. आमच्या खारीने लॅपटॉपमध्येही तेच केले. प्रत्येक फोटो सात फोल्डरांत! "एक हरवला तर दुसरा असावा," असे ती म्हणे. पिलाने फांदीवरून मारलेल्या पहिल्या उडीचा व्हिडिओही तिने असाच सात जागी ठेवला होता, आणि वर्षभर शोधूनही त्यातला एक सापडत नव्हता.

चैत्र सरत आला आणि तळे आटू लागले. न आटणाऱ्या झऱ्याची वाट रानात एकट्या म्हाताऱ्या कासवाला ठाऊक होती, आणि खारीने वाट विचारली त्याच दिवशी ते चिखलात शिरून पावसाळ्यापर्यंत झोपणार होते. वाट लांबची, वळणावळणांची. ती नुसती ऐकून ठेवावी, तर खारीच्या आठवणीवर कुणाचाच भरवसा नव्हता, खुद्द खारीचाही नाही. "आजोबा, तुम्ही सांगा, मी रेकॉर्ड करते," असे म्हणत तिने लॅपटॉप उघडला. पडद्यावर अक्षरे उमटली : 'जागा शिल्लक नाही.' "लवकर कर गं पोरी," कासव जांभई देत म्हणाले, "डोळे मिटायला लागलेत माझे."

"पुसून टाक की सगळंच!" वरच्या फांदीवरून माकड ओरडले. "आणि माझ्या पिलाची उडी?" खार रडवेली झाली. खोडावरून एक मुंगी चालली होती, ती थांबली. "खारूताई, आधी जे दोनदा आहे ते शोध. आम्ही नवा दाणा आत न्यायच्या आधी वारुळातली जुनी टरफलं बाहेर काढतो." खारीने सगळ्यात मोठ्या फाइली आधी काढल्या. बघते तो काय, एकाच कैरीचे सात फोटो, एकाच भांडणाचे सात व्हिडिओ! आणि त्याच ढिगात पिलाची ती पहिली उडी! खार आनंदाने शेंड्यापर्यंत जाऊन आली. मग एकेक प्रत ठेवून बाकीच्या तिने भराभर कचरापेटीत टाकल्या. तरी जागा होईना. "अगं, केर दाराआड लोटला म्हणजे घर झाडलं असं होतं का?" मुंगी हसली. "पेटी रिकामी कर." पिलाची उडी जागेवर आहे ना, हे खारीने पुन्हा एकदा पाहिले आणि बटण दाबले.

जागा झाली. कासवाने सावकाश वाट सांगितली, "...मग दोन जांभळांच्या मधून खाली उतरा. माझ्या पाठीएवढंच पाणी दिसेल, पण आटत नाही हो ते," आणि चिखलात शिरून ते झोपी गेले.

वैशाखात तळ्याला भेगा पडल्या. तहानेले प्राणी मोहाखाली जमले. खारीने लॅपटॉप उघडला. या खेपेस एकच फोल्डर आणि त्यात एकच फाइल. कासवाचा आवाज ऐकत सगळे निघाले आणि दुपारपर्यंत झऱ्याला पोचले. पहिली ओंजळ माकडानेच भरली, हे सांगायला नकोच. पाणी पिऊन झाल्यावर पिलू म्हणाले, "आई, माझी उडी दाखव ना!" खारीने ती लगेच दाखवली. "एवढीशीच होती?" पिलाने नाक मुरडले. खारीला मात्र ती पुन्हा पुन्हा बघावीशी वाटत होती.

तात्पर्य : एकच गोष्ट सात ठिकाणी जपणाऱ्याला ती वेळेवर एकाही ठिकाणी सापडत नाही; अडगळ वेळीच काढावी, म्हणजे गरजेच्या गोष्टीला जागा राहते.