साहेबांच्या बाजूचं हँडल

माजी सभापती दौलतराव इंगवल्यांच्या जुन्या मोटारीच्या काचा खाली होईनात. मिस्त्रीनं तीन दारांची हँडलं काढून दाखवली. आतले दाते पार झिजले होते, त्यामुळे हँडलं नुसतीच गरागरा फिरायची.

"वाट लावली गाडीची!" दौलतराव ड्रायव्हरवर कडाडले. "गेनू, उद्यापासून येऊ नकोस. हँडल झिजवणाऱ्याला माझ्या गाडीत जागा नाही."

गेनूनं किल्ली पुढे केली. ती मालतीबाईंनी मधेच घेतली.

"अहो, मग मीही उतरते," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "माझ्या बाजूचं मीच झिजवलंय. तुम्हाला भेटायला आलेल्यांशी काच खाली करून आम्हीच बोलायचो. तुमचं हँडल बघा, कसं नवंकोरं आहे! तुमच्याच नियमानं आता गाडीत एकटे तुम्हीच बसा."

मिस्त्री गालात हसला. दौलतरावांना मात्र धाकटा भाऊ आठवला. भर उन्हात तो त्यांच्याच काचेवर टकटक करत होता, आणि ते समोर बघत "चल गेनू" म्हणाले होते. त्यानंतर ते गावी गेले, ते थेट त्याच्या दहाव्याला.

त्यांनी मालतीबाईंच्या हातातली किल्ली घेऊन गेनूला परत दिली, आपल्या जागेवर जाऊन बसले आणि हँडल फिरवू लागले. ते हलेना.

"ते झिजलेलं नाही, साहेब," मिस्त्री म्हणाला. "कधी फिरवलंच नाही, म्हणून आतून गंजून बसलंय."

दौलतराव दोन्ही हातांनी जोर लावत राहिले. काचेपलीकडे कोणीच उभं नव्हतं.