लाल पाळणा

“पण बाबा, नावाचा मोह सोडायला तुम्हीच सांगितलं होतं ना?”

गिरिजा असं म्हणाली आणि फकिराच्या तोंडाकडे बघत राहिली. तिला वाटलं, आता शाबासकी मिळेल.

मस्तानबाबा टेकडीवरच्या दर्ग्यात कबुतरांसाठी ज्वारी निवडत बसले होते. त्यांनी एक खडा वेचून बाजूला टाकला.

गिरिजा खाली गावात नाचणीसत्त्व करायची. नाचणी भिजवायची, मोड आणायची, सावलीत वाळवून दळायची, वस्त्रगाळ करायची. पाकिटावर लाल पाळण्याचं चित्र आणि खाली नाव, ‘तान्हुली’. आसपासच्या गावांतली कितीतरी लेकरं त्या पाकिटावर वाढलेली.

नावाची आणि चित्राची नोंदणी करून घे, ट्रेडमार्क घे, असं वकील तिला मागेच सांगत होते. तेव्हा ती हसली होती. मी बाबांची चेली, मला कशाला हवं नावबीव, म्हणाली होती. आणि हे ती बचत गटात, लग्नाकार्यात, चार बायकांत आवर्जून सांगायची.

आता तालुक्याच्या एका व्यापाऱ्याने तोच पाळणा आणि तेच नाव छापून पाकिटं काढली होती. वर नोंदणीचा अर्जही त्यानेच टाकला होता.

“वकील म्हणतात, अजून हरकत घेता येते. तू आधीपासून विकतेस, जुनी बिलं आहेत, दुकानदार साक्ष देतील. पण मुदत गेली की फार अवघड होईल म्हणे.”

“मग?”

“मग काय! मी म्हटलं, घेऊ दे त्याला. मी नाही भांडणार. माझं सत्त्व चांगलं आहे, तेवढं बास.”

“हं…”

“बरोबर केलं ना, बाबा?”

“बेटी, तू तर माझ्याहून मोठी फकीर झालीस.”

गिरिजा लाजली. तिला ते खरंच वाटलं.

तेवढ्यात पायऱ्या चढून एक बाई धापा टाकत आली. कडेवर बाळ, मान टाकलेलं.

“काय झालं गं, शाहीन?”

“जुलाब थांबेनात, बाबा. दवाखान्यातच निघालेय, रिक्षा खाली उभी आहे. तेवढी फुंकर घाला. रडतंय, पण डोळ्यांत पाणीच येत नाही याच्या…”

बाबांनी बाळाच्या टाळूवर हात ठेवला. टाळू खोल गेली होती.

“काय चारलं होतं?”

शाहीनने पिशवीतून अर्धं पाकीट काढलं.

“हे. डॉक्टरांना दाखवायला घेतलंय. वाटोळं होवो त्या तान्हुलीवालीचं! स्वतःच्या लेकरांना हेच चारते का म्हणावं!”

गिरिजाने पाकीट ओढून घेतलं. चिमूटभर जिभेवर ठेवलं आणि थुंकली.

“माझं नाही हे! खवट आहे. मैदा घातलाय यात. आईशप्पथ, माझं नाही!”

शाहीन तिच्याकडे बघतच राहिली.

“तू होय ती?”

“अगं, पण हे मी नाही केलेलं. खाली पत्ता वाच ना, कुणाचा आहे तो.”

“वाचता आलं असतं तर काय पाहिजे होतं! थोरल्याच्या वेळी हाच पाळणा बघून आणत होते. कसा गुटगुटीत झाला होता माझा. म्हणून दुकानात बोट दाखवलं, तो लाल पाळणा द्या म्हटलं. हा पाळणा तुझा नाही?”

गिरिजाने पाकिटावरचा पाळणा अंगठ्याने झाकला.

“सांग की. कुणाचा आहे?”

“…माझाच.”

बाळ कण्हलं. गिरिजाने नकळत हात पुढे केला. शाहीनने बाळ दुसऱ्या कडेवर घेतलं.

“हात नको लावू.”

बाबांनी फुंकर घातली. पाकीट परत शाहीनच्या पिशवीत ठेवलं.

“जा बेटी, आता थांबू नको. सलाईन लावू दे त्यांना.”

शाहीन पायऱ्या उतरत पळाली. खाली रिक्षा सुरू झाल्याचा आवाज आला, मग तोही ऐकू येईना.

गिरिजा उभीच होती.

“उद्याच वकिलांकडे जाते, बाबा. हरकत घेते.”

“जा.”

“पण ते लेकरू…”

बाबांनी ज्वारी बाजूला सारली.

“माझ्या मनात वाईट नव्हतं हो. मी तर फक्त माझं नाव सोडलं होतं.”

बाबा रिकाम्या पायऱ्यांकडे बघत होते. म्हणाले,

“तुझं होतं तेवढंच सोडायचं होतं, बेटी…”