नगराध्यक्षांचा बोर्ड

आमचे नगराध्यक्ष विश्वंभरराव यांनी सुगंधाकाकूंच्या भजीच्या गाडीशेजारी मोठ्ठा बोर्ड लावला. वर त्यांचा हात जोडलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘नव्वद टक्के लोक इथेच कचरा टाकतात. जरा लाज बाळगा!’

आधी लोक इकडंतिकडं बघून गुपचूप पिशवी टाकायचे. बोर्ड वाचून ऐटीत टाकायला लागले. ढीग गाडीएवढा झाला, तसे विश्वंभरराव काकूंवरच भडकले.

‘घाण तुमच्या गाडीमुळं होते. सोमवारी गाडी उचला!’

काकू रडायलाच लागल्या. मला राहवलं नाही.

‘साहेब, घाण बोर्डामुळं होते. सगळेच टाकतात म्हटल्यावर आपणच कशाला थांबायचं, असं वाटतं माणसाला.’

‘कार्टे, दहावीत दोनदा आपटलीस आणि मला शिकवतेस? बोर्ड वाचून कोणी बिघडतं का?’

‘बिघडले, तर गाडी राहील?’

‘राहील!’ चारचौघांत बोलून बसले.

रविवारी त्यांचा वाढदिवस होता. मंडप खच्चून भरलेला. त्यांनी माईक धरला आणि मी त्यांच्या पाठीमागं बोर्ड टांगला. वर माझा हात जोडलेला फोटो आणि खाली मजकूर: ‘साहेबांच्या भाषणातून नव्वद टक्के लोक उठून जातात. जरा लाज बाळगा, बसून राहा!’

लोकांनी वाचलं, एकमेकांकडं बघितलं आणि चपला शोधायला लागले. दहा मिनिटांत मंडपवाला खुर्च्या गोळा करत होता.

विश्वंभररावांनी मागं वळून बोर्ड वाचला. ‘माझे लोक हाकलतेस?’

‘मी कुठं हाकलले, साहेब? मी तर हात जोडून बसा म्हटलं. अगदी तुमच्यासारखंच.’

सोमवारी साहेबांनी कचऱ्याचा बोर्ड उचलला. गाडी तिथंच आहे.