अष्टमीच्या भरतीची रेघ

माघ शुद्ध अष्टमी. आकाश निरभ्र, वारा मतलई, समुद्र शांत. फार पूर्वी अशाच एका दिवशी, वेलापत्तन नगरात सुबाहू राजाचे राज्य असताना, बोधिसत्त्व राजाचा भूमापक म्हणून खांद्यावर दोर घेऊन किनाऱ्यावर उभा होता.

राजाने डोंगराकडून साठ विणकर कुटुंबे बोलावली होती. माग लादलेल्या त्यांच्या गाड्या वाळूवर येऊन थांबल्या होत्या. त्यांची घरे कुठे बांधायची, ते त्या दिवशी ठरायचे होते. अमात्य पिंगलाने मुहूर्त काढला होता. वाळू सपाट दिसावी म्हणून त्याने उधाणाच्या हद्दीवर वाढणारी मर्यादवेल आदल्या दिवशीच उपटून घेतली होती. भरती चढली आणि थांबली. पिंगलाने जवळच्या एका खुंटाला ध्वज बांधला.

"महाराज, समुद्र इथवरच येतो. आपल्या डोळ्यांदेखत आला. इथून मागे साठ घरे सहज बसतील."

होडीला डांबर फासत बसलेली रेवा नावाची म्हातारी कोळीण हसली. "अमात्यबाबा, अष्टमीला समुद्र पाहुण्यासारखा वागतो. घरच्यासारखा वागतो तो अवसेला! आमच्या होड्या कुठवर ओढल्यात, ते तरी बघा."

"तू तुझी होडी सांभाळ, म्हातारे," पिंगल म्हणाला. मग तो भूमापकाकडे वळला. "दोर टाक. रांगेतले पहिले घर तुझे. उद्यापासून भूमापकांचा प्रमुखही तूच."

बोधिसत्त्वाने दोर खांद्यावरून उतरवला नाही.

"ज्या रेघेमागे मी माझी मुले निजवणार नाही, ती रेघ मी दुसऱ्यांच्या मुलांसाठी आखणार नाही. महाराज, अमात्यांनी ध्वज कशाला बांधला आहे, ते पाहावे."

"जाळी वाळवायच्या खुंटाला," पिंगल म्हणाला.

"तो माझा खुंट आहे. दर आषाढी अवसेला, उधाणाचा फेस जिथवर पोचतो तिथे मी एक ठोकतो. असे अकरा आहेत."

राजा त्याच्यासोबत निघाला. पहिल्या खुंटाचे फक्त डोके पाण्याबाहेर होते. ध्वज तिसऱ्या खुंटाला होता. अकरावा खुंट होड्यांच्या जरा खाली होता. पहिल्यापासून अकराव्यापर्यंत अंतर भरले नव्वद हात.

"घरे किती वर्षे टिकावीत?" बोधिसत्त्वाने विचारले.

"साठ तरी."

"दहा वर्षांत समुद्र नव्वद हात आत सरकला, म्हणजे वर्षाला नऊ. साठ वर्षांचे पाचशे चाळीस."

त्याने अकराव्या खुंटाला दोराचे टोक बांधले आणि तो जमिनीच्या दिशेने मोजत गेला. केवड्याचे बन मागे पडले. पाचशे चाळीस हात भरले तिथे एक कुंपण होते.

"हे तर महाराजांचे उपवन!" पिंगल ओरडला. "विणकरांना इथे बसवणार? याच्या हातातला दोर काढून घ्या, महाराज. दुसरे भूमापक आहेत."

"आहेत," बोधिसत्त्व म्हणाला. "दोर द्यायला मी तयार आहे. खुंट मात्र तिथेच राहतील."

राजाने कुंपणावरून आत पाहिले. आत आंब्याला मोहोर आला होता. त्याने माळ्याला बोलावले आणि कुंपण काढायला सांगितले. पिंगलाने स्वतःच्या कोठारासाठी ध्वजामागची वाळू मागून घेतली. राजाने ती दिली, पण तिथे कोणी राहू नये अशी अट घातली.

पुढच्या आषाढी अवसेला नैर्ऋत्येचा वारा होता. सकाळपासून पाऊस चालू होता. दुपारच्या भरतीत कोठार वाहून गेले. बोधिसत्त्वाने भिजलेल्या पिंगलाला घरी नेऊन जेवू घातले आणि संध्याकाळी बारावा खुंट ठोकला. तो अकराव्याच्या मागे चौदा हातांवर आला. साठ घरांपैकी एकाच्याही उंबरठ्याला पाणी लागले नाही.

अनेक जन्मांनंतर, नदीकाठच्या वाळूवर हिवाळ्यात नवी कुटी आखणाऱ्या एका भिक्षूला त्याच्या गुरूंनी, शास्त्यांनी, ही कथा सांगितली. ते म्हणाले, "भिक्षू, तेव्हाचा पिंगल तूच. कुटीला जमीन देणारा हा गृहस्थ तेव्हाचा सुबाहू राजा. आपल्याला नदीपार आणून सोडणारी नावाडीण ती रेवा. भूमापक मी होतो. जे आज दिसत नाही तेही धरून मोजणे, ही प्रज्ञा."

कुटीचा पाया काठापासून तीनशे हात मागे घातला गेला.