रंगीत सावली

जिथे घरटी एक बाहुलीवाला होता, अशा एका गावात एक रंगारीण राहायची. तिथले बाहुलीवाले कातड्याच्या बाहुल्या दिव्यापुढे नाचवत आणि पडद्यावर त्यांच्या सावल्या पडत. सावली म्हणजे काळीच, हे तिथलं शेंबडं पोरही सांगायचं.

पण या बाईने काय करावं? कातडं घासघासून इतकं पातळ केलं, की त्यातून उजेड आरपार जाऊ लागला. त्याचा मोर कापला, वर झाडपाल्यापासून काढलेला निळा रंग चढवला आणि दिव्यापुढे धरला. पडद्यावर निळाशार मोर उभा राहिला! तिच्या अंगावर सरसरून काटा आला. हे आपल्याच हातचं आहे, यावर तिचा विश्वासच बसेना.

जत्रेत तिने स्वतःच खेळ लावला. नुसते मोर, मासे आणि फुलं. गोष्टीचा पत्ता नाही. लोक "वा वा" म्हणाले आणि जरा वेळाने भज्यांच्या कढईकडे वळले.

आता त्या गावची एक रीत होती. जत्रा उठली की सकाळी सगळे बाहुलीवाले मैदानात जात. ज्याच्या पडद्यासमोरचं गवत जास्त चेपलेलं, त्याच्या खेळाची पुढल्या वर्षी सगळे नक्कल करत. रंगारणीपुढचं गवत ताठ उभं होतं.

"रंगाला गिऱ्हाईक नाही," एका जाड्या बाहुलीवाल्याने सांगून टाकलं आणि बाकीच्यांनी माना डोलावल्या. झालं! गवताने निकाल लावला. रंगारणीचा जीव तुटला. आता ही विद्या कुणी शिकणार नव्हतं, ती तिच्याबरोबरच संपणार होती.

मग एक दिवस एक म्हातारा बाहुलीवाला तिच्या दारी आला. त्याच्या बाहुल्या फाटक्या, पण गोष्ट अशी सांगायचा की ऐकणाऱ्याच्या हातातला घास हातातच राहावा.

"बाई, तुझा एक मोर दे मला," तो म्हणाला.

"एकच? पेटाराभर आहेत की, काका."

"पेटारा राहू दे घरी. माझ्या गोष्टीत एक आंधळी पोर आहे. शेवटी तिला दिसायला लागतं. रंग तेव्हाच दाखवायचा, त्याआधी नाही."

इतकी मेहनत कडीकुलपात ठेवायची? रंगारणीला ते फार जड गेलं. पण तिने मन घट्ट केलं आणि एकच मोर काढून दिला.

पुढच्या जत्रेत म्हाताऱ्याने गोष्ट सुरू केली. काळी पोर काळ्या रानातून ठेचकाळत चालली होती. बायका पदराने डोळे पुसत होत्या. शेवटी पोरीने डोळे उघडले, आणि तिच्यापुढे निळा मोर पिसारा फुलवून उभा राहिला.

सगळं मैदान श्वास घ्यायचं विसरलं. एका आजोबांचे हात आपोआप जोडले गेले. पडद्याच्या कडेला उभी असलेली रंगारीण कधी मोराकडे बघे, कधी लोकांकडे. इतकं सुंदर काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं.

सकाळी म्हाताऱ्याच्या पडद्यापुढचं गवत पार मैदानाकडेच्या विहिरीपर्यंत झोपलं होतं.

मग काय विचारता! गावातले सगळे बाहुलीवाले कातडी घेऊन तिच्या दारात. सर्वांत पुढे तोच जाड्या.

"मी आधीपासून म्हणत होतो, रंगात दम आहे. माझा राक्षस नखशिखांत लाल करून दे बघू."

रंगारीण गालातल्या गालात हसली. रंगाची वाटी तिने जरा बाजूला सारली.

"देते की, दादा. पण आधी बसा, आणि गोष्ट सांगा."

तात्पर्य काय, तर नवी विद्या कितीही थोर असो, ती गावोगाव पोचते ती लोकांच्या मनात भरलेल्या गोष्टीच्या खांद्यावर बसूनच.